पहिली सुई मुकादमाची

ज्या माणसाबरोबर मी कित्येक वर्षं एकाच भाऱ्याखाली खांदा दिला, त्याला मी सगळ्या टोळीसमोर गुरासारखा मारला. त्याचा गुन्हा एवढाच, की तो खरं बोलला. तो खरं बोलतोय हे मला पहिला हात उचलतानाच कळलं होतं. ही माझी चूक, आणि तिच्यामागून जे जे झालं तेही माझ्याच पदरात आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साजगावच्या बाजूला एका लोखंडी सळयांच्या कारखान्यात मी भराईच्या टोळीचा मुकादम होतो. मॅट्रिकपर्यंत शिकलो होतो, चार ओळी लिहिता येत होत्या, म्हणून मुकादमकी माझ्याकडे आली. सळयांचा भारा दोघांनी उचलायचा असतो. एक पुढे, एक मागे. दोघांचं पाऊल एकदम पडलं पाहिजे. एकाचं चुकलं की सळया लचकतात आणि दुसऱ्याचा खांदा सोलून काढतात. त्यामुळे भराईत कोणी जोडीदार बदलत नाही. माझा जोडीदार कर्जतकडचा, बौद्धवाडीतला. उंची माझ्याइतकीच, बोलणं कमी. कामावर आमचा पाण्याचा तांब्या एक होता. माझ्या घरी आला की मात्र त्याला चहा अंगणात, वेगळ्या कपात. चहा पिऊन तो कप स्वतःच विसळायचा आणि ओट्याच्या कडेला पालथा घालून ठेवायचा. हे इथंच सांगून टाकतो. पुढे त्याच्यावर माझा हात ज्या सहजपणे उठला, तो दुसऱ्या कोणावर उठताना थोडा तरी अडखळला असता.

गर्द, ती नशेची पूड, आमच्याकडे ट्रकवाल्यांनी आणली. भारा टाकून झाला की पाठीत जाळ व्हायचा. एका ड्रायव्हरने चांदीच्या कागदावर पूड ठेवली, खालून काडी लावली, वरून नळीने धूर ओढायला शिकवलं. पाठ गप्प झाली. पुढे पूड महागली, तिच्यात भेसळ वाढली. मग कधीकाळी कंपाउंडर असलेला एक क्लीनर दुखण्यावरच्या इंजेक्शनच्या बाटल्या आणून देऊ लागला. काचेची पिचकारी आणि एक सुई, दोन्ही चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलेली असत. पाळी सुटली की वजनकाट्यामागच्या पडवीत आम्ही बसायचो. चहाच्या पातेल्यात पिचकारी आणि सुई एकदा उकळून घ्यायचो. तिथून पुढे नुसतं गार पाण्यात खंगाळायचं.

टोळीत सगळ्या गोष्टींना क्रम असतो. पाणी आधी मुकादमाला, विडी आधी मुकादमाने पेटवायची, कोणाच्या घरून गोडधोड आलं तर पहिला घास मुकादमाचा. तसाच सुईलाही क्रम लागला. आधी मी, मग जोडीदार, मग वयाच्या हिशेबाने खाली खाली, आणि शेवटी सगळ्यांत धाकटा. आम्ही सहा जण होतो. कोणी कधी क्रम मोडला नाही. उकळलेली सुई मला मिळायची. त्यात मान होता, दुसरं काही त्यात असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

घाटाच्या पायथ्याला एका ढाब्यामागे पत्र्याचं खोपटं होतं. तिथं एक बाई राहायची. तिच्याकडे आम्ही सगळेच जायचो. टोळी एक म्हटल्यावर हेही एकच. तिच्या फळीवर सरकारी निरोधची पाकिटं असायची. ती त्यातलं एक पुढे करायची आणि आमचे गडी खिदळायचे. "फुगं आणलंत काय जत्रेचं?" एकदा तिने माझ्यापुढे पाकीट धरलं आणि मी तिच्या तोंडात मारली. दात लागून तिचा ओठ फुटला. तिने ओठ पुसला आणि पाकीट परत फळीवर ठेवलं. त्यानंतर तिने मला कधी विचारलं नाही.

मग जोडीदाराच्या दंडाला गळू झालं. सुईचंच. हात केळीच्या खोडासारखा सुजला, तेव्हा त्याच्या बहिणीने त्याला मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं गळू कापलं, रक्त तपासलं. दीड-दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा अर्धा राहिला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला नळावर गाठलं.

"मुकादम, मला ती बिमारी हाय," तो म्हणाला. "एड्स. रक्तात निघाली."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर. दोनदा तपासलं. सुईतून व्हते, बाईतून व्हते म्हणाला. मी कुठून आणली ते मला म्हाईत नाय. पर आपली सुई एक, बाई एक. समद्यांचं रक्त बगाया पायजे. आन् त्या धाकट्याचं आदी. त्याचं लगीन हाय ना मार्गशीर्षात?"

"म्हणजे आता त्याच्या लग्नात बिब्बा घालतोस?"

"बिब्बा नाय रं. त्याला असली, तर ती पोरगी पण जाईल. तिनं काय केलंय?"

माझी बायको तेव्हा पोटुशी होती. त्याने पोरगी म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढे बायको आली. ती भीती दाबायला मी आवाज चढवला.

"इथं नळावर काय कुजबुजतोस? खरं असंल तर समद्यांसमोर बोल."

वाटलं, आता गप्प बसेल. आपल्याला असा रोग आहे हे कोणी चारचौघांत सांगत नाही. पण तो माझ्या पुढे निघाला. गडी डबे सोडून बसले होते, त्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि नळावर जे बोलला तेच बोलला. सुईचं बोलला, बाईचं बोलला, मुंबईला कुठं जायचं तेही बोलला. धाकट्याकडे बघून म्हणाला, "भावा, तू आदी जा. हळद लागायच्या आदी."

आमच्यातला एक जण भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला, "आरं, सुईनं मरायचं असतं तर पयला मुकादम मेला असता! पयली सुई त्याची."

सगळे हसले. हसता हसता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हसतोय का, हे त्यांना बघायचं होतं.

मी जोडीदाराच्या थोबाडीत मारली.

एकच मारून थांबायचं ठरवलं असेल कदाचित, पण हात थांबला नाही. तो पडला नाही. उभाच राहिला आणि त्याच्या त्या उभं राहण्याचा मला भयंकर राग आला. मी पोटात मारलं. तो वाकला तसं मानेवर मारलं. तोंडाने त्याची जात काढली, जी इतकी वर्षं एका तांब्याने पाणी पिताना कधी काढली नव्हती. मुकादमाने हात टाकला म्हणजे टोळीने टाकला. सगळे उठले. धाकटा सगळ्यांत पुढे. त्याच्या पायात लग्नासाठी घेतलेले नवे बूट होते, सवय व्हावी म्हणून कामावर घालून यायचा. त्या बुटांनी तो लाथा घालत होता. "माजं लगीन मोडतोस? सासुरवाडीला कळलं तर तोंड दाखवू का मी? खोटारड्या! सांग, खोटं बोललो म्हणून!"

"मार," जोडीदार खालून म्हणाला. "पर रगत तपास."

बाजूला सळईचा हातभर तुकडा पडला होता. तो मी उचलला. डोकं सोडून मारला, एवढंच स्वतःच्या बाजूने म्हणता येईल. तो त्याच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी आजही ओळखेन. ओल्या बांबूसारखा आवाज होतो. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याच्या नाकातून, ओठांतून रक्त आलं होतं. ते कोणाच्या तरी हाताला लागलं आणि तो किंचाळला, "रगत! हात लावू नका रं, रगत हाय त्याचं!"

आणि सगळे एकदम मागे सरले. मीही. कोणी मातीत हात घासत होता, कोणी नळाकडे धावत होता. धाकटा नवे बूट काढून वाळूत घासत होता. तेव्हा तिथल्या प्रत्येकाला ठाऊक झालं, की आम्ही सगळेच त्याचं बोलणं खरं मानत होतो. खोटं मानलं असतं तर त्याच्या रक्ताला का भ्यालो असतो?

तो उठला. डाव्या हाताने उजवा हात धरून फाटकाबाहेर गेला. त्याच्या खांद्याने पुन्हा कधी भारा उचलला नाही.

एवढ्यावर भागलं नाही. भीतीला कुठंतरी जायला जागा लागते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही त्या बाईच्या खोपटावर गेलो. मीच म्हणालो, "तिनंच लावली ही बिमारी." पहारीने पत्रे उचकटले. तिची पातेली, डबे, पाण्याचा माठ, फळीवरची देवीची तसबीर, जे हाताला लागलं ते फोडलं. ती कोयता घेऊन मागच्या बाभळीला टेकून उभी होती. आमच्यातल्या एकाला म्हणाली, "आला व्हय मर्द? परवा तर चड्डी सावरत पळत व्हतास." मग माझ्याकडे वळली. "तुला इचारलं व्हतं मी. तोंड फोडलंस माजं. इसरलास?"

मी विसरलो नव्हतो. मी पहार पुढच्या पत्र्यात घातली. ढाब्याचा मालक काउंटरवर बसून बघत होता. संध्याकाळपर्यंत ती पुण्याकडे जाणाऱ्या एका ट्रकमध्ये बसून निघून गेली. तिला स्वतःला काय झालं होतं, तिने कधी तपासलं का, हे विचारावं असं आमच्यापैकी कोणाला वाटलंही नाही.

त्यानंतर मी एकट्याने जे केलं, ते मला मारापेक्षा मोठं वाटतं. मी गुपचूप मुंबईला जाऊन स्वतःचं रक्त तपासून घेतलं.

जोडीदाराने सगळ्यांसमोर जे इस्पितळ सांगितलं होतं, तिथंच गेलो. बायकोला सांगितलं, युनियनचं काम आहे. रक्त घेणारी डॉक्टरीण वयस्क होती. नाव विचारलं नाही, नंबर दिला. सुई कोणाकोणात असते, बाईकडे जाताना निरोध असतो का, हे तिने भाजीचा भाव विचारावा तसं सरळ विचारलं. मी पहिल्यांदा खरं बोललो. निकालाला तीन आठवडे लागले. त्या आठवड्यांत मी सुई सोडली, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. अंग मोडून आलं, उलट्या झाल्या, हाडांत मुंग्या धावल्या. बायकोला वाटलं, हिवताप आहे. ती कपाळावर ओलं फडकं ठेवायला आली की मी तिला लांब ढकलायचो. एकदा इतक्या जोरात ढकललं, की ती भिंतीवर आदळली. सात महिन्यांची पोटुशी. "मी काय केलंय तुमाला?" म्हणाली. तेव्हाही मी काही सांगितलं नाही.

निकाल घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "सध्या तुमच्या रक्तात काही दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या, तेव्हा पक्कं सांगता येईल. इतक्या जणांत एक सुई, बाईकडेही तसेच जाता, आणि तुम्ही सुटलात. सुई उकळत होता का?"

"एकदा उकळायचो. मग मी घ्यायचो. मग बाकीचे."

तिने मान वर केली. "म्हणजे उकळलेली तुम्हाला. तुमच्यानंतरच्या प्रत्येकाला त्याच्या आधीच्या सगळ्यांचं रक्त. शेवटी कोण घ्यायचं?"

"एक पोरगा आहे."

"लग्न झालंय?"

"नाही," मी म्हणालो. ठरलंय, हे म्हणालो नाही.

"त्याला घेऊन या. लवकर आणा. त्याचं सगळ्यांत आधी बघायला हवं."

जोडीदार नेमकं हेच म्हणाला होता. तो इस्पितळात शिकून आला होता आणि शिकलेलं सांगायला मोडक्या अंगाने आमच्यापर्यंत आला होता. मी मात्र निकाल ऐकून बाहेर आलो, रस्त्यावर उसाचा रस प्यायलो आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही किळस येते.

हळदीच्या दिवशी मी धाकट्याच्या घरी गेलो. अंगणात मांडव होता, बायका जात्यावर हळद दळत होत्या. मी ठरवून गेलो होतो. त्याला घराच्या मागे, पेंढ्याच्या उडवीपाशी नेलं. तोंड, हात, सगळा पिवळा झाला होता तो. तोंडाला दारूचा वास होता.

मी म्हणालो, "माजा जोडीदार जे बोलला ना, त्याचं एकदा बगून घ्यावं का? मी येतो संगं. लगीन आठ दिस पुढं गेलं तर काय व्हतं?"

त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. "मुकादम, आता? पत्रिका वाटल्या. सासरा काय म्हणंल?" मग माझा दंड धरून म्हणाला, "तुमीच त्याला मारलात ना. तो खोटं बोलला म्हणूनच ना? सांगा मला. खोटं व्हतं ना ते?"

मी खरं आहे म्हणालो असतो, तर मला हेही सांगावं लागलं असतं, की मी का मारलं. की मी मुंबईला जाऊन आलो. की मी सुटलो आणि तुम्हाला सांगितलं नाही. पुढं बायका हसत होत्या. कोणीतरी त्याला हाका मारत होतं.

"व्हय," मी म्हणालो. "खोटंच व्हतं ते. जा, बोलावतायत."

लग्नात टोळीने त्याला खांद्यावर उचलून नाचवलं. एक पाय माझ्या खांद्यावर होता. वरमाला घातली तेव्हा नवरी मी जवळून पाहिली. शेलूकडची, सतरा-अठराची असेल. गर्दीचा रेटा आला तशी ती हसून मागे कलली. जोडीदार त्याच थंडीत गेला. मला गावातल्या एकाने फाटकापाशी सांगितलं. मी पाळी पुरी केली. त्याच्या मातीला गेलो नाही आणि त्याची माफी मागायची कायमची राहिली.

माझं तीन महिन्यांनंतरचं रक्तही साफ निघालं. मुलगी झाली, ठणठणीत झाली. धाकट्याला मात्र पुढच्याच पावसाळ्यात खोकला लागला. क्षय म्हणून औषध चाललं, मग मोठ्या इस्पितळात नेलं, तिथं रक्त तपासलं आणि सगळं बाहेर पडलं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तो गेला. शेवटी शेवटी त्याला बघायला गेलो होतो. तो भिंतीकडे कूस करून पडून राहिला. बोलायला ताकद नव्हती की इच्छा नव्हती, ते देव जाणे.

त्याच्या दहाव्याला मी गेलो होतो. नदीवरून लोक परतले आणि अंगणात सासू त्या पोरीच्या अंगावर धावली. "पांढऱ्या पायाची! माज्या सोन्यासारक्या पोराला रोग लावून बसलीस. कुणाकुणापाशी निजून आली व्हतीस गं?" थोरल्या दिराने तिचे केस धरले आणि उंबऱ्यावरून अंगणात ओढत आणली. चपलेने तोंडावर मारलं. तिच्या कपाळाला दगड लागला. बायका बघत होत्या, पुरुष बघत होते. ती हातांनी डोकं झाकून एकच विचारत होती, "मला काय झालंय ते तरी सांगा! कुनीतरी सांगा!" कोणाला काय सांगायचं होतं? तिला ती बिमारी आहे की नाही, हे कोणी बघितलंच नव्हतं. धाकट्याला ती कुठून आली हे त्या अंगणात एकालाच नक्की माहीत होतं, आणि तो टोपी हातात घेऊन उभा होता. दिराने तिचं गाठोडं रस्त्यावर फेकलं. मी घरी आलो.

बायको चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, मुलगी पाटावर खेळत होती. मी बसलो आणि सगळं बोललो. सुईपासून बोललो. ढाब्यामागचं बोललो. तिला ढकललं ते का, हे बोललो. मुंबईचं, हळदीचं, आज पाहिलं ते. ती ऐकत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने काढली नाही. मग चुलीतली फुंकणी उचलली आणि माझ्या तोंडावर मारली. लोखंडाची, तापलेली. गाल भाजला. दुसरी पाठीवर. तिसरी मी अडवली नाही.

लग्नापासून तिने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. "तू मुंबईला गेलास. माज्यासाठी गेलास म्हणशील. आन् ती कुणाची कोण नाय? तिच्या आईनं तिला उकिरड्यावर जन्म दिला काय रं? माज्या पोरीच्या जागी ती असती तर?" पोरगी रडायला लागली. बायकोने फुंकणी टाकली, तिला उचललं आणि म्हणाली, "जा. आत्ता जा. तिला सांगून ये, तवर ह्या घरात भाकरी नाय."

गालावर खोबरेल लावून मी शेलूला गेलो. तिच्या माहेरचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात तिचा भाऊ होता, वीटभट्टीवरून आलेला. धाकट्याचा मुकादम म्हटल्यावर त्याने खाट दिली. मी बसलो नाही. ती दारात येऊन उभी राहिली, कपाळाला पट्टी. मी हळदीच्या दिवशीचं सांगायला सुरुवात केली आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला भाऊ माझ्या छातीवर बसला होता. त्याच्या मुठी विटांच्या होत्या. मी हात वर केला नाही.

"दादा, थांब," ती म्हणाली. "मारू नको. आदी सांगू दे त्याला."

भाऊ उठला. मी मातीत बसूनच बाकीचं सांगितलं. मी संपवल्यावर ती म्हणाली, "तवाच सांगितलं असतंत तर?"

"लगीन मोडलं असतं."

"मोडलं असतं. आन् मी जिती ऱ्हायले असते."

"आजून जितीच हायेस. तुला असंलच असं नाय. बगाया पायजे."

"ते तुमी ठरवणार?" ती म्हणाली. तिच्या आवाजात रडणं अजिबात नव्हतं. "मला ठावं करून घ्यायचंय. सासरी मारलं त्याचं नाय वाईट वाटत. मला काय झालंय तेच मला म्हाईत नाय. तुमाला तुमचं म्हाईत हाय. तुमी तेवडं करून आलात."

मी म्हणालो, मी नेतो. भाऊ म्हणाला, ह्याच्याबरोबर जायचं नाही. ती म्हणाली, "ह्याच्याचबरोबर जायचं. ह्याला जागा म्हाईत हाय. तूपण चल."

आम्ही तिघे गेलो. तीच डॉक्टरीण होती. तिने मला ओळखलं, माझ्या भाजलेल्या गालाकडे बघितलं, मग पोरीकडे. पोरीला आत घेतलं आणि दार लावलं. पोरीने रक्त दिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. तिच्या त्या कागदात काय निघालं ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे आणि ते कोणाला सांगायचं हे तीच ठरवेल.

निकालाच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. भाऊ पाणी आणायला गेला होता. आत नंबर पुकारत होते, तिचा अजून आला नव्हता. चांगलं निघालं तर माझी माफी स्वस्त होईल आणि वाईट निघालं तर तिला ती ऐकू येणार नाही, असं मला वाटलं. म्हणून जे मागायचं ते दार उघडायच्या आत मागायला हवं होतं. मी बाकावरून उठलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. तिने वर बघितलं.

"पोरी," मी म्हणालो, "मला ठावं व्हतं. तुज्या हळदीच्या दिवशी ठावं व्हतं. माज्या एका शब्दानं तुजं लगीन थांबलं असतं आन् मी तो बोललो नाय. माजी लाज राखायला मी तुजा जीव पणाला लावला. तुला मारत व्हते तवा पण मी उभा व्हतो आन् बोललो नाय. आत काय निघायचं ते निघू दे, काय नाय निघालं तरी माजा गुन्हा तेवडाच ऱ्हातो. तू मला माफ करावंस असं माजं म्हणणं नाय. तरी मागतो. माजं चुकलं. मला माफ कर."